साउंडवाले सर

जव्हार-मोखाड्यात कुणाकडे नवा साउंडबार आला, की पेढे नंतर येतात, साउंडवाले सर आधी येतात. हे कुठल्या एका आळीचे नव्हेत. कुणी आश्रमशाळेतून निवृत्त झालेले, कुणी मोबाइलचं दुकान चालवणारे, असे ते पार खोडाळ्यापर्यंत पसरलेले आहेत. चपला काढता काढता त्यांचा प्रश्न ठरलेला: “ऑप्टिकल की कोअ‍ॅक्सियल?” आपण बिचारे ‘चहा की कॉफी’ विचारायच्या बेतात असतो.

मग तास सुरू. सोनी आणि फिलिप्सने मिळून ठरवलेली डिजिटल रीत, तोशिबाने १९८३ साली आणलेली प्रकाशाची वायर म्हणजे ऑप्टिकल, तांब्याच्या कोअ‍ॅक्सियल वायरीचे ७५ ओहम. इथवर सगळं खरं. पंचाईत पुढे होते. “तांब्याचा आवाज उबदार, प्रकाशाचा जरा कोरडा!” दोन्हींतून तेच शून्य आणि एक जातात, हे सरांनीच मघाशी सांगितलेलं असतं, फक्त स्वतःच्या कानांना कळवायचं राहून जातं.

कामाचं ते ओझरतं बोलतात. डिशच्या वायरीमुळे किंवा अर्थिंगच्या गोंधळामुळे स्पीकर घुमत असेल, तर ऑप्टिकल लावावी. तिच्यातून वीज जातच नाही, तेव्हा त्या वाटेने येणारी घरघर थांबते. मात्र ती नव्या जावयासारखी, फार वाकवली की रुसते. कोअ‍ॅक्सियल दणकट. तिच्या जागी डीव्हीडीची जुनी पिवळी वायरसुद्धा बहुतेकदा चालून जाते, पण हे सरांसमोर बोलू नये.

प्लेअरला दोन्ही भोकं असली, की परीक्षा होते. तारपा या वाद्याचं रेकॉर्डिंग लागतं. पत्र्यावर आषाढ कोसळत असतो. सर डोळे मिटून म्हणतात, “फरक कळतोय ना?” यजमान मान डोलावतात, घरी आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? तेवढ्यात लाईट जाते. सर आणखी अर्धा मिनिट दाद देत राहतात.

खरा तारपा शेजारच्या पाड्यावर वाजतो, तिथे मात्र ते जात नाहीत. उघड्यावर म्हणे आवाज फाटतो.

शेवटी पिशवीतून कोअ‍ॅक्सियल निघते. “डोळे झाकून हीच लावा.” वहिनी टॉर्च घेऊन टीव्हीमागे डोकावतात. “सर, याला तर ऑप्टिकलचंच भोक आहे. दुसरं नाहीच.”

“मग मी मघापासून काय सांगतोय?” म्हणत सर वायर पिशवीत घालतात आणि विचारतात, “चहा झाला का?”