मुळेसर

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. मुळेसरांना पगार मिळतो तो नेमका याच दोन चौकशांसाठी. त्यांचं खरं आडनाव निराळं आहे, पण कृषी विद्यापीठाच्या कॉलनीत ते आता कुणालाच आठवत नाही.

सर टोमॅटोचे पैदासकार. सूत्रकृमींना पुरून उरेल असा वाण काढायचा, हा त्यांचा ध्यास. मुळात शिरताना हा जंतू जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. मादी एकदा मुळात ठाण मांडून बसली की हलत नाही, बहुधा नराचीही वाट पाहत नाही, आणि तीन-चारशे अंडी घालते. हे सर लग्नाच्या पंगतीत सांगतात, तेही जिलबी वाढून होत असताना.

लोक टोमॅटो पिकला की खुडतात. सर ऐन भरातलं झाड उपटतात, मुळं बादलीत धुतात आणि सूत्रकृमींमुळे आलेल्या गाठी मोजून ० ते ५ गुण देतात. एकही गाठ नसली तर शून्य, म्हणजे पहिला नंबर! मुलाला गणितात शून्य मिळालं तेव्हा सरांच्या तोंडून आधी ‘वा!’ निघून गेलं, असं वहिनी सांगतात.

कुळाचं विचाराल तर पेरूकडच्या रानटी टोमॅटोपासून सुरुवात होते. आपल्या टोमॅटोशी त्याचा संकर केला, तर फळात गर्भ टिकेना. मग १९४४च्या सुमारास कॅलिफोर्नियात स्मिथ यांनी कोवळा गर्भच बाहेर काढून काचेच्या नळीत वाढवला. त्या बाळंतपणाला आपण हजर होतो, अशा थाटात सर हे सांगतात. पुढे पिढ्यान् पिढ्या आईच्या घराण्याशी संकर करत रानटी बापाची बारकी हिरवी फळं घालवली, आणि सूत्रकृमींना रोखणारा ‘एमआय’ जनुक तेवढा राखला. पण माती २८ अंशांच्या वर तापली की हा जनुक हात टेकतो. म्हणून उन्हाळ्यात सर छत्री घेऊन हिंडतात आणि ती कुंड्यांवर धरतात.

एकदा एक शेतकरी रडकुंडीला येऊन म्हणाला, “पाणी देऊनही झाडं दुपारी माना टाकतात, सर.” सरांनी एक झाड उपटलं. मुळं हळकुंडासारखी गाठाळलेली. “अहाहा! काय सुंदर गाठी!” बिचारा मिनिटभर गप्पच झाला. सरांनी त्याला पुढच्या हंगामात झेंडू लावायला सांगितलं आणि चाचणीसाठी ती रोगट माती पोतंभर मागून घेतली. स्कूटरवर पुढ्यात पोतं घेऊन सर परतले ते गुणगुणत.

गेल्या दिवाळीत ते आमच्याकडे फराळाला आले. तुळशीचं लग्न आठवड्यावर आलं होतं. आई चकल्या आणायला आत गेली, तेवढ्यात त्यांनी नवरी मुळासकट उपटली, नळाखाली धुतली आणि तिला दोन गुण दिले. नंतर नीट लावली, जगलीही. आईनं मात्र अजून अबोला धरलाय.

सर तुमच्याकडे येणार असतील, तर कुंड्या आधी आत घ्या.