गार्डमामा

नवी गाडी दारात उभी राहिली की बालाघाटची मंडळी आधी किंमत विचारतात, मग ॲव्हरेज, मग पेढे. गार्डमामांना यातल्या कशातच रस नसतो. ते थेट मागच्या चाकाशी उकिडवे बसतात, धोतराचा सोगा सावरून आत डोकावतात आणि विचारतात, "थांबते का जी हे?" मालक बिचारा इंजिनाचे गुणगान गाण्याच्या तयारीत असतो. त्याचा चेहरा पडतो.

मामा छोट्या लाइनचे गार्ड होते. गोंदियाहून बालाघाट, नैनपूर करत जबलपूरला जाणारी अडीच फुटी रुळांची ती गाडी बंगाल नागपूर रेल्वेच्या काळातली. जबलपूर-नैनपूर पट्टा २०१५ मध्ये बंद झाला, आता तिथे मोठी लाइन आहे. मामांची ड्युटी मात्र चालूच आहे. जन्म शेवटच्या डब्यात गेल्यामुळे पुढे काय ओढते आहे याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. कोणी हॉर्सपॉवरबद्दल बोलू लागले की ते तंबाखू मळायला घेतात. २०२२ मध्ये रेल्वेने गार्डला 'ट्रेन मॅनेजर' म्हणायचे ठरवले, तेव्हा नातवाने मोठ्या कौतुकाने बातमी वाचून दाखवली. मामांनी एवढेच विचारले, "मॅनेजरजवळ ब्रेक असते का?"

व्हॅक्यूम ब्रेक हे त्यांचे एकमेव अध्यात्म. पाइपातली हवा ओढून घेतलेली असते तोवर चाके मोकळी. पाइप कुठेही फुटला, डबे तुटून सुटले, की हवा आत घुसते आणि गाडीच्या दोन्ही तुकड्यांचे ब्रेक आपोआप लागतात. बिघाड झाला की आपोआप थांबते तीच खरी व्यवस्था, बाकी सारा देवाचा भरवसा, असे मामांचे मत. रेल्वेत ते शोभून दिसे. पण मामा ते संसारालाही लावतात.

भाचीसाठी लांजीचे स्थळ आले होते. मुलगा नोकरीवाला, घरी ओलिताची शेती, माणसे गोड. पाहुणे पोहे खात असताना मामा मुलाची मोटारसायकल गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आले. "मागचे लायनर संपले आहे. महिनाभर तरी करकरत असेल. ज्याले ते ऐकू येत नाही, त्याले बायकोचे काय ऐकू येईल?" स्थळ मोडले. मामी आठ दिवस बोलल्या नाहीत. मुलाने पुढे लायनर बदलले म्हणतात, पण तोवर भाची गोंदियात पडली होती.

धानाच्या हंगामात तर मामांना घरी थांबवणे अशक्य. २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून आमच्या चिन्नोर तांदळाचा सगळ्यांना कोण अभिमान. मामा मात्र मंडीतल्या रांगेत पोत्यांकडे ढुंकूनही पाहत नाहीत. ते काठीने ट्रॅक्टरची पेडले ठोकत जातात. ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पेडले असतात, डाव्या चाकाला एक, उजव्याला एक. बांधात चटकन वळायला ते बरे. रस्त्यावर आले की दोन्ही कडीने जोडायची, नाहीतर घाईत एकावरच पाय पडतो आणि ट्रॅक्टर त्या अंगाला ओढला जाऊन उलटू शकतो. कडी मोकळी दिसली की मामा चालकाला खाली उतरवतात, मग तो वयाने, मानाने कितीही मोठा असो. मागच्या ट्रॉलीबद्दल ते अलीकडे बोलत नाहीत, कारण तिला बहुतेक वेळा ब्रेकच नसतो. ट्रॅक्टरने थांबायचे आणि भरल्या ट्रॉलीने समजूतदारपणे मागे राहायचे, अशी आपल्याकडची रीत.

ऑगस्ट २०२० मध्ये संजय सरोवर धरणाचे पाणी सुटले आणि वैनगंगेला महापूर आला. लोक पाणी पाहायला गेले. मामा बचावाच्या नावा कशावरून आल्या ते पाहायला गेले. नावेची ट्रॉली म्हणजे पाण्यात बुडवायचेच चाक. त्यात ब्रेक कसा टिकत असेल, हा विचार तेव्हापासून त्यांच्या डोक्यात बसला.

मग एका तरुण ठेकेदाराने तलावावर नाव फिरवण्याचे काम घेतले. फायबरची नाव, मागे इंजिन, आणि ती वाहायला वेल्डिंगच्या दुकानात बनवलेली ट्रॉली. तलाव बैहरच्या घाटाकडे. "मामाजी, ट्रॉलीले ब्रेक कायले? जीपले आहे ना!" तो म्हणाला. मामांना आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते गिऱ्हाईक सापडले.

चार दिवस खल चालला. ड्रम ब्रेक स्वस्त, पण तलावात उतरला की ड्रममध्ये पाणी साचते, आतल्या स्प्रिंगा गंजतात, ओले लायनर नीट पकडत नाही. विजेच्या ब्रेकचे चुंबक पाण्यात किती दिवस टिकणार, शिवाय जीपमध्ये वेगळा कंट्रोलर हवा. मामांनी तो चहा गार व्हायच्या आत रद्द केला. डिस्क महाग, पण उघडी: पाणी झटकून टाकते, लवकर वाळते, धुता येते, आणि मुख्य म्हणजे डोळ्यांना दिसते. ती दाबायची कोणी? तर ढकलणीनेच. जीप हळू झाली की मागची ट्रॉली हुकावर रेटते, त्या रेट्याने ब्रेक ऑइल दाबले जाते आणि ट्रॉली स्वतःलाच आवरते. मामा हे ऐकून हळवे झाले. अडचण एकच. तलावाच्या पाळीवर जीप मागे चढवतानाही तोच रेटा बसतो आणि ट्रॉली जागची हलत नाही. त्यासाठी अडवणुकीची पिन असते. ती लावली तर पुढे निघताना काढायची आठवण हवी. मामांनी पिनेला आपल्या जुन्या झेंडीची लाल चिंधी बांधली. हुक सुटलाच तर ब्रेक ओढणारी तारही लावून घेतली, आणि ती हुकाला न बांधता जीपच्या चासीला बांधायला लावली. "हुकच गेल्यावर हुकाले बांधलेली तार काय करते?"

खरा जाच पुढे सुरू झाला. घाटातून आलेले चाक तापलेले असते. तसेच तलावात घातले की हबमधली हवा आक्रसते, सीलच्या कडेने पाणी आत ओढले जाते आणि बेअरिंगच्या ग्रीसचे ताक होते. म्हणून मामांचा हुकूम: आधी हब निवू द्यायचा. काठावर पोरेबाळे नावेसाठी रडत आहेत, ठेकेदार घड्याळ पाहतो आहे, आणि मामा हबला उलटा हात लावून सांगतात, "आणखी एक चहा." रोज परतताना चाके साध्या पाण्याने धुवायची, पावसाळा सरला की ब्रेक ऑइल बदलायचे, कारण ते हवेतला ओलावा पिते. ठेकेदाराला चहावाल्याचेच जास्त देणे झाले. हंगाम संपताच त्याने ठेका सोडला, नाव विकली. घेणाऱ्याने नावेची किंमत पाडून मागितली, ट्रॉलीला मात्र सांगितले तेवढे दिले.

तेव्हा वाचकहो, जुनी गाडी, ट्रॉली, ट्रॅक्टर काहीही घ्यायचे असेल तर मामांना अवश्य सोबत न्या. चहाचे पैसे फिटतील. मुलगा पाहायला जाताना मात्र निघायची वेळ त्यांना कळू देऊ नका.