इसब, तांबडी माती आणि विद्वान बाप

लहान मुलांचे इसब, म्हणजे अटोपिक डर्माटायटिस, वयाप्रमाणे जागा बदलते. तान्ह्या बाळाच्या गालांवर आणि कपाळावर ते आधी उठते. मूल चालू लागले की कोपराच्या आणि गुडघ्याच्या लवणीत जाऊन बसते. लंगोटाखालची जागा बहुधा सुटते. बहुतेकांना ते पाचव्या वर्षाच्या आत सुरू होते. खरूज आणि गजकर्ण एकाचे दुसऱ्याला होतात, इसब होत नाही, आणि तिघांची औषधे वेगवेगळी आहेत. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या कुंडल गावात मात्र तिघांना मिळून एकच औषध सुचवले जाते. ते पुढे येईल.

मूळ दोष कातडीच्या वरच्या थरात असतो. बांध फुटलेल्या वावरात पाणी टिकत नाही, तसा या कातडीत ओलावा टिकत नाही. शिवाय बाहेरची धूळ, साबण, जंतू आत शिरून आग पेटवतात. 2006 साली स्कॉटलंडमधल्या डंडी येथील संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा संबंध फिलाग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकाशी जोडून दाखवला. या शोधाचा उपयोग मुलाला होण्याआधी मुलाच्या बापाला होतो. सांगलीच्या डॉक्टरांकडून परतल्यावर तो चहाच्या गाड्यावर फिलाग्रिन समजावून सांगतो, ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावरचा कंटाळा आदर समजून घेतो, आणि त्या दिवसापासून घरात विद्वान बाप म्हणून वावरू लागतो. अशा बापाला यथावकाश लेख लिहावासा वाटतो. प्रस्तुत लेख त्याच अवस्थेतला आहे.

उपचाराची सुरुवात आंघोळीपासून होते. पाणी कोमट, वेळ पाच ते दहा मिनिटे, साबण सौम्य आणि बिनवासाचा, तोही लागेल तेवढाच. दिवाळीचे सुगंधी उटणे, डाळीचे पीठ, बंबातले कढत पाणी, आंघोळीनंतरची ओवा-वेखंडाची धुरी हे सारे या कातडीला जाचते. हे डॉक्टर एका कागदावर लिहून देतात. परंतु 1943 ते 1946 या काळात कुंडल हे ब्रिटिशांविरुद्धच्या प्रतिसरकारचे मोठे केंद्र होते, आणि समांतर सरकार चालवण्याची हातोटी गावाने अजून सोडलेली नाही. बाप कागद घेऊन उंबऱ्यात उभा असतो, तेव्हा न्हाणीत आजीचा अंमल चालू असतो.

या सरकारचे आरोग्य खाते तालमीत आहे. कुंडल कुस्तीच्या मैदानासाठी ओळखले जाते, त्यामुळे ते पैलवानांच्याच ताब्यात असणे ओघाने आले. “आरं, चार दिस हौद्यात लोळव त्येला. आमच्या अंगाला कवा काय झालं का?” हे सांगणाऱ्या वस्तादांचे दोन्ही कान कुस्तीत मोडलेले असतात, पण कानांचा प्रश्न इथे नाही. कुस्तीच्या हौद्यातली तांबडी माती चाळलेली असते, तिच्यात ताक, तेल, लिंबू, हळद, कापूर मुरवलेला असतो, आणि तिचा वास घेतलेल्या माणसाला ती औषधी वाटली नाही तरच नवल. विद्वान बाप इथे खुलतो. 1989 साली डेव्हिड स्ट्रॅकन या ब्रिटिश साथरोगतज्ज्ञाने दाखवले होते की, घरात थोरली भावंडे जास्त असली तर धाकट्याला ‘हे फीव्हर’, म्हणजे ॲलर्जीची सर्दी, कमी होते. लहानपणी जंतूंशी पुरेशी ओळख न झाल्यामुळे ॲलर्जी वाढते, हा तर्क तिथून निघाला. बाप हे वस्तादांना सांगतो. वस्ताद म्हणतात, “मग मी काय येगळं सांगतुय?” दोघांचे शास्त्र जुळते, चहा येतो, संध्याकाळ होते. चिरा पडलेल्या कातडीवर लिंबू झोंबते एवढे कळायला मात्र फिलाग्रिन लागत नाही. शिवाय अंगाला अंग घासून पैलवानांना गजकर्ण होते, पुळ्या होतात, नागिणीच्या जातीचा हर्पिसही होतो. वैद्यकाने त्याला पैलवानांच्या नावाचा वेगळा कप्पाच दिला आहे. इसबाच्या कातडीवर हर्पिस पडला तर तो जिवावर बेतू शकतो. ओठावर फोड आलेल्या पाहुण्याने, तो हिंदकेसरी असला तरी, बाळाचा मुका घेऊ नये.

विषय आंघोळीचा होता. अंग न घासता टिपावे आणि ओलसर असतानाच मलम लावावे: साधी पेट्रोलियम जेली किंवा पॅराफिनचे क्रीम, दिवसातून किमान दोनदा. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांत मुलासाठी आठवड्याला 250 ते 500 ग्रॅम असे प्रमाण आहे. उसाला पोत्यांनी खत टाकणारा माणूस वीस ग्रॅमची ट्यूब आणून महिनाभर पुरवतो.

लाली उठली की स्टिरॉइडचे मलम लागते. डॉक्टरांनी वय आणि जागा पाहून दिलेले, सांगितलेल्या मुदतीपुरते लावले तर ते सुरक्षित आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर मावेल एवढी रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम; ती दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. खरी भीती वेगळ्याच ट्यूबची बाळगावी. तीव्र स्टिरॉइड, बुरशीचे औषध आणि प्रतिजैविक एकत्र कालवलेले मलम चिठ्ठीशिवाय काउंटरवर मिळते, दोन दिवसांत गाल गोरे करते आणि पुढे कातडी पातळ करून ठेवते.

खाण्याच्या बाबतीत सांगली जिल्ह्याचे नशीब बरे आहे. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या 4 ते 11 महिन्यांच्या बाळांना शेंगदाणा नियमित खाऊ घातला, तर पुढे शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे 80 टक्क्यांनी कमी होते, असे लंडनच्या अभ्यासात 2015 साली आढळले. इथे कूट नसलेली भाजी शोधावी लागते. मात्र तीव्र इसब असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे, आणि अख्खा दाणा लहान मुलाला कधीच देऊ नये. तो घशात अडकतो.

शोध लंडनमध्ये लागला तरी घरात दाणा बंद होतो तो आईचा. बाळाच्या इसबाला आईचे खाणे बहुतेक वेळा कारण नसते, तरी चौकशी तिच्या ताटापासून सुरू होते. वांगे जाते, अंडे जाते, दूध जाते. बाळ रात्री खाजवते, ती त्याचे हात धरून बसते. तिला झोप नाही आणि जेवायला उरली कोरडी भाकरी. सकाळी पहिला आलेला माणूस विचारतो, काल काय खाल्लंस? हा छळ आहे, आणि त्याला पथ्य म्हणणे थांबले पाहिजे.

नखे कापलेली असावीत, कपडे सुती असावेत. आत्याने विणलेले लोकरीचे टोपरे फोटोपुरते. पिवळी खपली धरली, पाण्याने भरलेले एकसारखे फोड उठले किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. बहुतेक मुलांचा त्रास शाळेच्या वयात ओसरतो, कोरडेपणा पुष्कळदा राहतो. तोवर मलम रोज लावावे लागते. ते आईनेच लावावे असे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही. विद्वान बापाने पुस्तके पाहिलेली आहेत.