रक्तदाबाचे जनुक शोधा : नवशिक्यांसाठी सहा सोप्या पायऱ्या

पात्रता : दीर्घायुष्य. गणित येत असल्यास हरकत नाही.

१. गाव गाठावे. अमेरिकेतले फ्रेमिंगहॅम उत्तम. तिथे १९४८ साली ५,२०९ स्त्री-पुरुष निवडून दर दोन वर्षांनी त्यांची तपासणी सुरू झाली. १९७१मध्ये मुलांची पाळी आली, २००२मध्ये नातवंडांची. घाई असणाऱ्यांनी दुसरा विषय निवडावा.

२. गोळ्यांचा हिशेब करावा. औषध घेणाऱ्याचे बी.पी. १२५ दिसते आणि त्याची जनुके उत्तम असावीत असे संगणकाला वाटते. अशांना वगळू नये. नेमके चढे रक्तदाबवालेच हातचे जातील. रूढ उपाय असा, की त्यांच्या वरच्या आकड्यात १५ आणि खालच्यात १० मिळवावेत. डॉक्टरांनी कष्टाने उतरवलेले बी.पी. आपण कागदावर पुन्हा चढवावे.

३. प्रत्येकाला स्वतःची रेषा द्यावी. सगळ्या नोंदींची सरासरी काढून मोकळे होऊ नये. मग इतकी वर्षे थांबलो कशाला? लेअर्ड आणि वेअर यांनी १९८२मध्ये मांडलेले मिक्स्ड मॉडेल घ्यावे. त्यात माणसागणिक रेषेची सुरुवात वेगळी आणि चढही वेगळा. बी.पी. मुळात जास्त ठेवणारे जनुक आणि वयाबरोबर ते भराभर चढवणारे जनुक एकच असेल असे नाही. दोघांची चौकशी स्वतंत्र करावी.

४. नातीगोती मांडावीत. एका घरातली माणसे परकी धरली, तर पुरावा आहे त्यापेक्षा भक्कम दिसतो. म्हणून नात्यांतल्या सामायिक जनुकांचा तक्ता करावा : सख्खी भावंडे निम्मी, आतेभाऊ-मावसभाऊ सरसकट एक अष्टमांश. नवरा-बायको शून्य, संसार कितीही जुना असो.

५. गैरहजेरी पाहावी. मेलेली माणसे पुढच्या तपासणीला येत नाहीत. चढ्या बी.पी.ची आधी गेलेली असतात, उरलेली ठणठणीत दिसतात. त्यावरून म्हातारपणी बी.पी. सुधारते असा शोध जाहीर करू नये.

६. आनंद आवरावा. जनुकसंचातल्या दहा लाख जागा तपासल्या आणि नेहमीची पाच टक्क्यांची मर्यादा ठेवली, तर निव्वळ योगायोगाने पन्नास हजार जनुकीय ‘शोध’ लागतात. म्हणून मर्यादा दोन कोटींत एक इतकी कडक ठेवावी. त्यातून उरेल तेही दुसऱ्या लोकसमूहात पुन्हा सापडते का, हे बघावे.

अपेक्षित फळ : २०११मध्ये दोन लाख लोकांच्या अभ्यासातून असे २९ जनुकीय फरक हाती आले. एकेकाने वरचा आकडा हलतो फार तर पाऱ्याच्या साधारण एक मिलिमीटरने. माणसामाणसांतल्या तफावतीचा या सगळ्या फरकांनी मिळून लावलेला उलगडा जेमतेम एक टक्का. २०१८पर्यंत दहा लाखांवर माणसे तपासून जागांची यादी ९०१वर गेली. तेव्हा शीर्षकातले ‘जनुक’ हे एकवचन छपाईच्या सोयीसाठी आहे, असे समजावे.

सूचना : मीठ कमी केल्याने बी.पी. एका मिलिमीटरहून जास्त उतरते. पण त्याला संख्याशास्त्रज्ञ लागत नाही, म्हणून ती पायरी इथे दिलेली नाही.