जन्मसाल सांगा, स्वभाव ओळखतो!

1981 ते 1996 या काळात जन्मलात? तुम्ही मिलेनियल. त्यानंतर? जेन झी. जन्मसाल सांगा, स्वभाव हातात ठेवतो. ज्योतिषी निदान जन्मवेळ तरी विचारतो.

'बूमर' हा शिक्का अमेरिकेचा. 1946 पासून तिथे युद्धावरून परतलेल्यांच्या घरी पाळणे हलू लागले. तेव्हा सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरच्या आपल्या जळकोटावर राज्य निजामाचं होतं आणि पुढे दहशत रझाकारांची.

त्या पिढीला बूमर म्हणायचं?

मराठवाड्यात वय संकटांवरून सांगतात. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेले. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर घरात झोपायला घाबरणारे. या पिढ्यांना नाव ठेवायला कुणी बाजारतज्ज्ञ लागला नाही.

आता नवं टुमणं: 'अ‍ॅनालॉग आणि डिजिटलच्या मधली पिढी'. बालपण कॅसेटचं, तारुण्य मोबाइलचं. मोठ्या शहरात 1995 साली इंटरनेट आलं, तिथे हे शोभतं. गावाकडे खरी उडी 2016 नंतरची. जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि आजोबा, सून, नातू मागेपुढे एकाच सुमारास ऑनलाइन गेले.

मग मधली पिढी कुठली? अख्खं घर!

2021 पासून ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्याने सोयाबीनमध्ये उभं राहून पिकाचा फोटो चढवायचा. सत्तरीतल्या माणसाला ते जमावं कसं? नातू करून देतो. नातू पुण्याला गेला की काम अडतं. अ‍ॅपला पिढी कळत नाही, फक्त शेवटची तारीख कळते.

आणि 2008 साली जन्मलेली पोरगी? शिक्क्याप्रमाणे ती जन्मजात डिजिटल. घरात फोन एकच असेल, तर तो आधी भावाच्या हातात जातो.

या शिक्क्यांचा खरा तोटा हाच. 'म्हाताऱ्यांना जमत नाही' म्हटलं की शिकवायची जबाबदारी संपते. 'पोरांना उपजतच येतं' म्हटलं की फोन द्यायचीही संपते.

ग्रामपंचायतीत आठवड्यातून एक दिवस कुणी शेजारी बसून शिकवलं, तर सत्तरीतला माणूसही शिकतो. ज्याने दुष्काळात संसार तारला, त्याला चार बटणं जड नाहीत.

तेव्हा जन्मसाल विचारणं बंद करा. फोन कुणाच्या हातात आहे आणि अडलं तर शेजारी कोण आहे, एवढंच विचारा.