तिले बी थंडी वाजस!

धुळ्याचा पारा सहावर आला की आप्पा पहाटे पाचला उठतात आणि देवपुरातली आमची अख्खी गल्ली उठवतात. तुमच्याही गल्लीत एक आप्पा असतीलच. माकडटोपी, तिच्यावरून मफलर, अंगात जाड स्वेटर आणि कमरेखाली मात्र पट्ट्यापट्ट्यांची चड्डी. आधी बॉनेटवरची गोधडी काढायची. ती गोधडी गाडीची. आजींनी मागितली तरी मिळत नाही. मग हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबायचं, सेल मारायचा आणि रेस द्यायची. डिझेलचा धूर थेट माझ्या खिडकीत.

"आप्पा, अजून किती वेळ?"

"तिले बी थंडी वाजस ना!"

माझा इंजिनिअर भाचा त्यांना समजवायला गेला. चोकवाल्या गाड्यांचं ठीक होतं, आता इंधन किती सोडायचं ते इंजिनातला संगणक ठरवतो. अर्धा मिनिट थांबा आणि पहिले दोन-तीन किलोमीटर हळू चालवा. उभ्या गाडीपेक्षा चालती गाडी लवकर तापते. आणि टाकीतलं डिझेल गोठायला धुळं म्हणजे काही द्रास नव्हे! आप्पांनी सगळं मन लावून ऐकलं. "बरोबर शे," म्हणाले, "पन तिले बी थंडी वाजस."

एकदा जळगावजवळ आसोद्याला भरीत पार्टीला त्यांच्या गाडीतून निघालो. पारोळ्याला चहा झाला, तेवढ्यात गाडी 'निवली'. पुन्हा तापवली. एरंडोलला तेच. पोचलो तेव्हा वांगी भाजून, ठेचून, कळण्याच्या पुऱ्यांसोबत लोकांच्या पोटात गेली होती. पातेल्याच्या कडा पुसून आम्ही जेवलो. आप्पांना त्याचं काही नाही. ते उरलेल्या निखाऱ्यांकडे आणि मग गाडीकडे ज्या नजरेने बघायला लागले, ते पाहून मी किल्लीच काढून घेतली.

आप्पा एसटीत ड्रायव्हर होते. साक्रीकडच्या खेड्यांत मुक्कामी गाडी घेऊन जायचे. पहाटेची ती एकच गाडी. ती चालू झाली नाही तर कुणाची कोर्टाची तारीख चुकणार, कुणाची परीक्षा, आणि दुधाचे कॅन पारावरच राहणार. म्हणून गाडी कायम उतारावर लावायची आणि रात्रीतून उठून इंजिन तापवून यायचं. त्यांच्या बस गेल्या, सवय राहिली. आजही घरासमोर सपाट जागा सोडून ते गाडी पार कोपऱ्यावरच्या उतारावर लावतात.

बॅटरीचं मात्र त्यांना भाच्यापेक्षा जास्त कळतं, हे मला नाइलाजाने मान्य करावं लागतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. त्या उन्हात बॅटरी आतून खचते, आणि थंडीत इंजिन फिरवायला जास्त जोर लागला की मग मान टाकते. लोक बिचाऱ्या थंडीला शिव्या देतात. दिवाळी झाली की आप्पा न बोलावता घरोघर जातात, टर्मिनलवरची पांढरी बुरशी गरम पाण्याने धुतात, वर ग्रीस लावतात. पैशाचं नाव काढलं तर रागावतात. पहाटे कुणाची गाडी अडली की जंपर केबल घेऊन तेच हजर. त्यांची गाडी तर तापलेलीच असते.

नव्या गाडीला अर्धा मिनिट पुरतो, हे शंभर टक्के खरं आहे. आप्पांना ते पुन्हा सांगायला कुणी जायचं, एवढं तेवढं गल्लीने ठरवावं. मी जाणार नाही.