गळाच्या मासोळीचं सोवळं

अमेरिकेतल्या ग्रेट लेक्समध्ये व्हीएचएस नावाचा विषाणू शिरला आणि मासे आतल्या आत रक्तस्राव होऊन मरू लागले. ऑक्टोबर 2006 मध्ये केंद्रीय कृषी खात्याने फर्मान काढलं: सरोवरांकाठच्या आठ राज्यांतून अमुक जातींचे जिवंत मासे बाहेर न्यायचे नाहीत. फर्मान 2014 मध्ये उठलं; तोवर पिशवीतून सीमा ओलांडली तर गुन्हा. पोहत ओलांडली तर निसर्ग! सरोवरात सीमेची रेघ नेमकी कुठे आहे, ते मासेच जाणोत.

त्या आठांपैकी विस्कॉन्सिन राज्याची तऱ्हा आणखी न्यारी. निघण्याआधी होडीतलं पाणी सांडा. पकडलेला मासा जिवंत घरी नेऊ नका. दुकानातून घेतलेली गळाची मासोळी उरली, तर त्याच तळ्यात पुन्हा वापरा. दुसऱ्या तळ्यावर न्यायची असेल, तर तिच्या डबड्यात पहिल्या तळ्याचा थेंबही पडलेला नको. इतकं कडक सोवळं आमच्या आजीच्या स्वयंपाकघरातही नव्हतं. बगळे मात्र पाय न धुता या तळ्यावरून त्या तळ्यावर.

तरी हसत हसत का होईना, पाणी सांडाच. या विषाणूने माणसाला काही होत नाही. पण तळ्यातल्या माशांसाठी त्यावर औषधही नाही.